हॉर्टिकल्चरचं ट्रेनिंगचं वर्ष: बागेत काय करायचं, कसं शिकायचं

हॉर्टिकल्चर शिकताना एक पूर्ण वर्ष प्रत्यक्ष बागेत आणि रोपवाटिकेत काम करायचं असतं, आणि ते सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनाच वाटत असतं की आता कलमं करू, डिझाइन करू, मोठाली झाडं लावू. मग पहिले दोन महिने हातात झारी आणि खुरपी येते आणि मन उतरतं. माझंही उतरलं होतं. पण वर्ष संपल्यावर मागे वळून बघितलं तर जे हातात खरंखुरं उतरलंय त्यातलं निम्म्याहून जास्त त्या दोन महिन्यांतलंच आहे, म्हणून आता जे हे वर्ष सुरू करणारेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक काम करा. पहिल्याच आठवड्यात एक जमिनीचा तुकडा मागून घ्या. तीन बाय तीन मीटरचा मिळाला तरी चालेल, कुंपणाकडेचा, कोणालाच नको असलेला मिळाला तरी चालेल, फक्त तो वर्षभर तुमचाच राहिला पाहिजे. कारण ट्रेनिंगमध्ये दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो, आज रोपवाटिका, मग लॉन, मग ग्रीनहाऊस, मग छाटणीची टीम, आणि यात होतं काय की तुम्ही पेरलेलं बी दुसराच कोणीतरी लावतो आणि त्याला फूल आलेलं तिसरा बघतो, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा एकच तुकडा दिसतो. स्वतःचा वाफा असला की चूक केली तर चार महिन्यांनी तीच चूक तुमच्यासमोर उभी राहते. असं शिकवणारं दुसरं काहीच नाही.

तुकडा मिळाला की लगेच लावायला घेऊ नका, आधी तो ओळखून घ्या. उघडीप असलेल्या एका दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी सावली कुठे पडते ते काठ्या रोवून बघा आणि कागदावर काढा, आणि तीन महिन्यांनी हेच परत करा, कारण सूर्याचा मार्ग सरकतो आणि आज दिवसभर उन्हात असलेला कोपरा नंतर भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो. मग निचरा बघा. साधारण 30 सेंटीमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि या दुसऱ्या वेळी तासाला किती पाणी उतरतं ते पट्टीने मोजा (पहिल्या वेळी माती नुसती तहान भागवत असते, तो आकडा धरायचा नाही). तासाला अडीच ते सात सेंटीमीटर उतरलं तर निचरा चांगला, त्याच्या बराच खाली असेल तर गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) करा किंवा ओल सोसणारी झाडं निवडा. मातीचा पोत बघायला काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पावडर, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात खाली बसते, गाळ दोनेक तासांत, आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांची जाडी मोजली की तुमच्या मातीत काय किती आहे ते समोर दिसतं. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे) मात्र लॅबमधूनच तपासून घ्या.

आणि वही. मोबाईलमध्ये फोटो काढाच, पण फोटोत तुम्ही ते का केलंत हे येत नाही. वहीत रोज तारीख, त्या दिवसाचं कमाल किमान तापमान, पाऊस, काय केलं, किती केलं. "बी पेरलं" एवढंच लिहू नका, "72 कप्प्यांच्या ट्रेमध्ये 72 बिया, नवव्या दिवशी 51 उगवल्या" असं लिहा. पुढच्या वेळी ट्रे किती लागतील हा हिशोब तुम्हाला कोणाला विचारावा लागणार नाही. पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला तरी पुरतो, डब्यात 1 मिलिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला 1 लिटर. हे एक गणित पाठ असलं की नळीने किती पाणी द्यायचं याचा अंदाज आपोआप येतो.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणारे, कारण माझ्या मते या वर्षातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे आणि तेच सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात देतात.

माझ्याकडून झालेली एक गोष्ट सांगते. रोपवाटिकेत तिसऱ्या आठवड्यात दुपारी ट्रेमधली रोपं मान टाकलेली दिसली, मी घाईघाईने भरपूर पाणी दिलं, संध्याकाळी परत दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं आडवी पडलेली, जमिनीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक आणि तपकिरी झालेलं, आणि दोन दिवसांत तो आडवेपणा अख्ख्या ट्रेभर पसरला. रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशा सततच्या ओलाव्यात आणि कोंदट हवेत रोपाला बुडातच धरतात, आणि एकदा पडलेलं रोप परत उठत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या माळीकाकांनी काही न बोलता शेजारच्या बऱ्या ट्रेमधलं एक रोप अलगद काढून मातीचा गड्डा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "मुळी बघ." कडेला पांढऱ्याशुभ्र मुळ्या, टोकं टवटवीत. मग आडव्या पडलेल्या ट्रेमधलं काढलं, मुळ्या तपकिरी, चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला, वर कुबट वास. "पान खोटं बोलतं," ते म्हणाले, "मुळी नाही बोलत."

आणि ते अगदी शास्त्रीय आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, पाणी ओढणं बंद होतं आणि झाड पाण्यात उभं असूनही कोमेजतं, वरून बघितलं तर तहानलेल्या झाडासारखंच. शिवाय दुपारच्या कडक उन्हात काही झाडं तात्पुरती मान टाकतात आणि संध्याकाळी आपली आपण सावरतात. म्हणून कोमेजलेलं झाड दिसलं की आधी माती बघायची आणि मगच झारी उचलायची. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कुंडी असेल तर उचलून बघा, पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला आणि कोरडी झाल्यावर एकदा, आठवडाभर हे केलंत की हाताला वजनावरूनच कळायला लागतं. जमिनीत वाफसा ओळखायला शिका: मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं की तो फुटला पाहिजे. टोचून फुटत नसेल, हाताला चिकटत असेल, तर त्या दिवशी ना पाणी ना खणणं, कारण ओल्या चिकणमातीत कुदळ चालवली की तिची ढेकळं बनतात आणि ती फोडण्यात महिने जातात.

पाणी शक्यतो सकाळी द्या, द्यायचं तेव्हा गड्डा पूर्ण भिजेल इतकं द्या आणि मग वरचा थर सुकू द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळ्या वरवरच राहतात. बारीक रोपांना झारीचं रोझ (पुढची भोकांची चाळणी) वरच्या बाजूला वळवून द्या म्हणजे धार जोरात बसत नाही, किंवा ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा. आणि पेरणी विरळ, ट्रे धुतलेले, हवा खेळती. माझा पुढचा ट्रे याच गोष्टींवर वाचला.

बी पेरताना खोली किती हा प्रश्न सगळे विचारतात. बियांच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. बिगोनिया, पिटुनियासारखं धुळीसारखं बी मात्र वरच ठेवायचं, नुसतं दाबायचं, त्याला उगवायला उजेड लागतो. रोपं वेगळी करताना पानाला धरा, खोडाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येईल, पण कोवळं खोड चेपलं तर रोप गेलं. आणि सावलीतलं रोप थेट उन्हात नेऊ नका, सात ते दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर करा.

कटिंगचा (कापलेल्या काडीपासून नवं रोप करायचा) एक प्रयोग प्रत्येकाने करावाच. क्रोटन, जास्वंद, कोलियस असं काहीही घ्या, वीस-वीस काड्यांचे गट करा. एका गटाला हार्मोन पावडर (मुळ्या फुटायला मदत करणारी) लावा, एकाला नाही. एका गटाचा खालचा काप डोळ्याच्या (पान जिथून फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली घ्या, एकाचा दोन डोळ्यांच्या मध्ये. बाकी सगळं सारखं: 10 ते 15 सेंटीमीटरची काडी, खालची पानं काढलेली, मोठी पानं अर्धी कापलेली, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसलेलं. काडी पावडरमध्ये बुडवली की झटकून जास्तीची पाडून टाका, जाड थर बसला तर उलट साल जळते. मग मोजा. कोलियसला पावडरने फारसा फरक पडला नाही आणि जास्वंदीला पडला हे मी स्वतःच्या वहीत बघितलं तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. एक मात्र पाळा, रोज उपटून मुळ्या आल्यात का बघायचं नाही. नवीन पालवी फुटली आणि काडी हलकेच ओढल्यावर अडकतेय असं वाटलं की मगच.

गुटी कलम, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळ्या फोडणं, त्याहून सोपं आणि बघायला फार आनंदाचं. पेन्सिलच्या जाडीची, निरोगी, गेल्या हंगामात वाढलेली फांदी घ्या. टोकापासून हातभर मागे डोळ्याच्या लगेच खाली दोन गोल काप द्या, मध्ये अडीच सेंटीमीटर अंतर, आणि तेवढी साल बांगडीसारखी काढून टाका. आता महत्त्वाचं: आतल्या लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो तो सुरीच्या पाठीने खरवडा, तो राहिला तर साल परत जुळून येते आणि मुळ्या फुटतच नाहीत. वरच्या कापाच्या कडेला हार्मोन, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून बांधलेली. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं, ते त्या कापाशी अडतं, साठतं आणि मुळ्या तिथेच फुटतात. साधारण सहा ते दहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. त्या थोड्या तपकिरी होऊन फांदायला लागल्या की बांधलेल्या जागेच्या खालून कापा, आधी कुंडीत, सावलीत.

डोळा भरणं (एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवणं) आणि पाचर कलम (काडी पाचरीसारखी तासून दुसऱ्या रोपात बसवणं) याला हात बसावा लागतो. छाटणीत निघालेल्या काड्या गोळा करून संध्याकाळी नुसते काप मारायचा सराव करा, एका दमात सरळ उतरलेला काप आला पाहिजे, करवतल्यासारखा घासलेला नको. खुंट (मुळं असलेलं खालचं रोप) आणि कलमकाडी (त्यावर जोडायची काडी) यांची जाडी वेगळी असेल तर काडी मधोमध बसवू नका, एका बाजूला सरकवून निदान एका कडेला तरी सालीखालचा हिरवा थर जुळवा. जोड तिथूनच धरतो. काप उघडा पडला की वाळायला लागतो, म्हणून जोड बांधायची पट्टी आधीच कापून ठेवा. माझी पहिली पंचवीस कलमं गेली, त्यातली बहुतेक मी पट्टी शोधत बसले म्हणून.

छाटणीबद्दल एक माणूस माहीत असावा, अ‍ॅलेक्स शायगो. अमेरिकेच्या वनखात्यात संशोधन करताना त्यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून आतली कूज कशी पसरते ते बघितलं आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून तो वेगळा पाडतं. या भिंती नीट बांधता याव्यात म्हणून फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर कॉलर शाबूत ठेवायचा: खोडाला अगदी चिकटून कापायचं नाही आणि लांब खुंटीही ठेवायची नाही. जड फांदी असेल तर तीन कापांत. आधी खोडापासून फूटभर लांब खालच्या बाजूने थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, म्हणजे वजन निघून जातं आणि साल खोडापर्यंत सोलत येत नाही, आणि शेवटी कॉलरच्या बाहेरून नेटका काप. जखमेला रंग फासल्याने कूज थांबत नाही. आणि फुलझुडपांना कात्री लावायच्या आधी ते जुन्या फांदीवर फुलतं का नव्या फुटीवर हे विचारून घ्या. जुन्या फांदीवर फुलणाऱ्याची छाटणी फुलं संपल्या संपल्या, नव्या फुटीवरच्याची वाढ सुरू व्हायच्या आधी. उलटं केलंत तर त्या वर्षीची फुलं गेली.

नावं पाठ करायचा कंटाळा येतो हे खरंय, पण आठवड्याला दहा झाडं घ्याच, शास्त्रीय नाव आणि कुळासकट. कार्ल लिनियसने 1753 साली दोन शब्दांची नावं पद्धतशीर वापरली तेव्हापासून जगभर हीच चालतात, आणि त्याची गरज मराठी माणसाला एका शब्दात कळते: चाफा. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका (जुन्या लेबलांवर मिचेलिया दिसेल), पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया, हिरवा चाफा म्हणजे आर्टाबोट्रिस. तीन वेगळी कुळं. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून चीक सुकवून आठवडाभराने लावली तर छान जगते, तीच कृती सोनचाफ्यावर केलीत तर हाती वाळकी काडी उरते. नुसतं "चाफा" ऐकून कामाला लागलं की असं होतं. पानं हातात घेऊन, चुरगळून वास घेऊन, देठ मोडून चीक येतो का बघून शिका, यादीवरून नाही.

मग येते प्रत्यक्ष बाग लावणं, आणि इथे सगळ्यात जास्त घाई होते. आधी 1:50 च्या स्केलने कागदावर काढा, म्हणजे 2 सेंटीमीटर बरोबर 1 मीटर, आणि प्रत्येक झाडाचं वर्तुळ त्याच्या पूर्ण वाढीच्या घेराचं काढा, आज पिशवीत दिसतंय त्या आकाराचं नाही. बाग पहिल्या वर्षी रिकामी दिसेल. दिसू दे, मधल्या जागेत हंगामी फुलं लावा. दाटीने लावलेली झुडपं तिसऱ्या वर्षी उपटायला लागतात आणि ते काम करताना फार वाईट वाटतं.

झाड लावायचा खड्डा गड्ड्याच्या दुप्पट तिप्पट रुंद, पण गड्ड्यापेक्षा खोल नाही. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. रोपवाटिकेच्या पिशवीत बऱ्याचदा तोच मातीखाली गेलेला असतो, म्हणून आधी वरची माती बोटांनी बाजूला करून तो शोधा. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर कापा किंवा सोडवून पसरा, तशीच ठेवली तर पुढे खोड जाड झाल्यावर तीच त्याला आवळतात. पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 8 सेंटीमीटर, खोडापासून चार बोटं लांब. आधाराची काठी बांधलीत तर सैल, आणि वर्षभरात काढा, कारण वाऱ्यावर थोडं हललं की खोड जास्त जाड होतं.

किडींचं थोडक्यात: रोज पाच झाडांच्या पानांची खालची बाजू दहापट भिंगातून बघा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असणारच असं धरून शोधा. फवारा हातात घ्यायच्या आधी लेबल शेवटपर्यंत वाचा, हातमोजे, मास्क, गॉगल, आणि फुलांवर मधमाश्या असताना फवारणी नाही म्हणजे नाही, कोणी सांगितलं तरी. प्रमाणाचं गणित स्वतः करा: 1 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग).

अंगाचं पण बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन सुरुवातीलाच घ्या, पोतं उचलताना गुडघ्यात वाका, सिकेटर रोज संध्याकाळी पुसून तेल लावून ठेवा. आणि काही ठिकाणी ट्रेनिंगच्या नावाखाली महिनोन्महिने फक्त तण काढायला लावतात, आमच्या बॅचमधल्या दोघांचं असं झालं. तण काढणं शिकण्यासारखंच आहे, पण तीन महिने तेवढंच असेल तर कोणती कामं शिकवायची ठरली होती त्याची यादी घेऊन शांतपणे, तारखेसकट, लेखी विचारा. ज्यांनी विचारलं त्यांना पुढच्याच आठवड्यात रोपवाटिकेत घेतलं. माळीकाकांसारख्या जुन्या माणसांना मात्र लेखी काही नको, त्यांच्यासोबत सकाळी लवकर या, त्यांची अवजारं धुवून द्या आणि "परत एकदा करून दाखवा ना" म्हणा, ते दहा वेळा दाखवतात.

शेवटचे पंधरा दिवस वाफा पुढच्या मुलाकडे द्यायच्या तयारीला ठेवा. प्रत्येक झाडाला लेबल लावा, त्यावर नाव, लावल्याची तारीख आणि कुठून आणलं ते शिसपेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. नकाशाची एक प्रत काढा, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठला व्हॉल्व्ह गळतो, कोणती गुटी अजून कापायची राहिलीय ते त्यावर लिहा. माझ्या वाफ्यात निघताना तीन गुट्या बांधलेल्या होत्या, त्यातल्या एकीत मुळ्या दिसायला लागल्या होत्या, तिच्याबद्दल "दहा दिवसांनी काप, घाई करू नकोस" असं नकाशावर लिहून मी तो नव्या मुलीच्या हातात दिला आणि तिला आधी कुंडी उचलून बघायला सांगितलं.